सतराचा साचा

त्या घरात चित्रं वरून खाली यायची. जिन्याच्या पोकळीत एक दोरी सोडलेली होती, दोरीला उथळ लाकडी तबक आणि तबकात कमानीसारखा कापलेला कागद. कधी त्यावर धुक्यातलं तळं असायचं, कधी ढगांची रांग, कधी नुसताच वेल, इतका लांब की तो कागदाबाहेर कुठे जाऊन संपत असेल याचा विचार करत बसावं. तबक डुलत डुलत खाली यायचं, घडीच्या टेबलावर टेकायचं आणि वरून दोरीला दोन हिसके बसायचे. दोन हिसके म्हणजे वाळलंय, घे. तीन म्हणजे अजून ओलं आहे, हात लावलास तर बघ. अकरा वर्षांत ताईने आपल्या धाकट्या बहिणीला स्वतःहून सांगितलं ते एवढंच.

ताई रंगवायची, धाकटी घड्या घालायची. घडीच्या पंख्याचं काम असंच दोन जणींत वाटलेलं असतं. रंगवणारीला घडी घालवत नाही. आपण पंधरा दिवस खपून काढलेलं आकाश कोणी मोडतंय हे तिला बघवत नाही. आणि घडी घालणारीला विचाराल तर ती म्हणेल, मोडल्याशिवाय त्याचा पंखा होतच नाही, नुसता भिंतीवर लावायचा कागद राहतो. दोघींचंही खरं आहे, आणि दोघींचंही खरं असलं की भांडण फार टिकतं.

दोघींच्या मध्ये मामा होते. मामा म्हणजे त्यांच्या आईचे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, एका कानाने कमी ऐकायचे, काम पंख्याच्या काड्या तासायचं. अबोला सुरू झाल्यापासून निरोप्याचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. जेवायच्या टेबलावर ते मधल्या खुर्चीवर बसत.

"मामा, तिला म्हणावं, मीठ इकडे सरकव," ताई म्हणायची.

मीठ धाकटीच्या कोपराशी असायचं आणि धाकटीचे दोन्ही कान शाबूत होते. तरी मामा घास गिळून तिच्याकडे वळायचे.

"धाकटे, ताईला मीठ हवंय."

"मामा, तिला म्हणावं, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"ताई, डॉक्टर नको म्हणालेत म्हणते."

"मामा, तिला म्हणावं, माझ्या जिभेची काळजी सोड, स्वतःच्या जिभेला सांभाळ."

हा शेवटचा निरोप मामा कधीच पोचवत नसत. घासाबरोबर तो गिळून टाकत. असे पुष्कळ निरोप त्यांनी गिळले होते, म्हणून तर घर एका छपराखाली राहिलं होतं.

हे सगळं एका नाकावरून झालं होतं.

अकरा वर्षांपूर्वी एका बड्या घरातल्या लग्नासाठी पंख्याचं काम आलं. बागेत बसलेले नवरानवरी, चेहरे अगदी हुबेहूब. त्या काळी ताई चेहऱ्यांसाठीच नावाजलेली होती. लोक म्हणायचे, हिच्या पंख्यातली माणसं पंखा मिटला की आत गप्पा मारत बसतात. दोन महिने ती त्या कागदावर वाकलेली होती. चेहऱ्यांचा नियम या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. चेहरा दोन घड्यांच्या मधल्या सपाट पट्टीत बसवायचा, घडीच्या रेषेवर चुकूनही आणायचा नाही. नाक घडीवर आलं की पंखा मिटताना दर वेळी माणूस नाकातून दुमडतो. म्हणून ताई आधी साचा मागवून घ्यायची, त्यावरून कागदाच्या कडेला सुईने बारीक टोचे घालायची, प्रत्येक घडीला एक, आणि त्या टोच्यांच्या मध्ये माणसं बसवायची. शेवटी कडेला सोनेरी किनार चढली की टोचे तिच्याखाली झाकले जायचे.

पंखा ऐन वेळी तयार झाला आणि घडीच्या टेबलावरूनच थेट लग्नघरी गेला. नवरीने तो पाहुण्यांसमोर उघडला आणि पहिल्याच रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. नवऱ्याचं नाक घडीत गेलं होतं, नवरीचा तर एक गालच नाहीसा झाला होता. पंखा हलवला की दोघं एकमेकांना वेडावून दाखवत होते. संध्याकाळच्या आत पंखा पेटीसकट परत आला.

ताईने तो उघडला. बराच वेळ तिने चेहऱ्यांकडे पाहिलं, मग तिची नजर उजव्या टोकाला गेली आणि तिथे थांबली.

"माझे चेहरे असे नव्हते," ती म्हणाली.

धाकटी ताडकन बोलून गेली, "नाचता येईना अंगण वाकडं! नाकं घडीवर काढायची आणि खापर माझ्या डोक्यावर फोडायचं."

ताईने तिच्याकडे पाहिलं. पंखा मिटून पेटीत ठेवला आणि ती वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दोरी लटकत होती.

खरं काय ते धाकटीला पक्कं माहीत होतं. घड्यांचा साचा म्हणजे तेल पाजलेले, आधीच चुण्या पाडलेले दोन जाड पुठ्ठे. रंगवलेला कागद जरासा दमट करून त्यांच्यामध्ये ठेवायचा आणि तिन्ही मिळून हळूहळू मिटायचे, की साच्याच्या घड्या कागदाला लागतात. घरात असे दोन साचे होते, एक सोळा काड्यांचा आणि एक सतरा काड्यांचा. दोघांची लांबी एकच, चुणीच्या रुंदीत तेवढा नखभर फरक. रोजचं काम सोळावरच चालायचं. सतराचा आईच्या वेळचा, शेजारी पडून असायचा. त्या रात्री जागून काम उरकण्याच्या घाईत धाकटीने हात लांब करून साचा ओढला, कागद घातला, मिटला, दोरा बांधला. सकाळी काड्या सरकवायला बसली तर हातात काड्या सोळा आणि समोर घड्यांची घरं सतरा.

एकदा पडलेली घडी निघत नाही. कागद सपाट होतो, पण रंग रेषेवर तडकलेला असतो.  वर जाऊन ताईला सांगायचं तर जिन्याच्या चौदा पायऱ्या, त्या धाकटीला चढवेनात. मग तिने कात्री घेतली आणि उजव्या टोकाचं जास्तीचं घर सरळ कापून काढलं. पंखा सोळाचा झाला. कापलेल्या पट्टीत निळं आकाश होतं आणि त्यात एक छोटा पक्षी, चित्रातून बाहेर उडायच्या बेतात असलेला. दुसऱ्या कोणाला त्या पक्ष्याचं असणंनसणं कळलं नसतं.

ताईची नजर त्याच टोकाला का थांबली होती, हा प्रश्न धाकटीने अकरा वर्षं स्वतःला विचारू दिला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं म्हणून ती कामाला लागायची. सतराचा साचा मात्र तिने तेव्हाच टेबलावरून हलवला. मामांनी विचारलं तर म्हणाली, उंदरांनी नेला असेल.

आणि ताईने चेहरे सोडले. सुरुवातीला लोक कानोसा घेत येत राहिले, पण चेहऱ्याचं काम घेऊन कोणी आलं की मामांकरवी निरोप यायचा, आता होत नाही म्हणावं. गावभर बोललं गेलं, की बाईचा अंदाज गेला, नाकं घडीवर काढायला लागली. धाकटी हे बाजारात ऐकायची आणि भाजी निवडत राहायची. तबकातून तळी येत, ढग येत, वेल येत. घाट असे, नाव असे, नावेत कोणी नसे. बागेतल्या बाकावर एखादा रुमाल पडलेला असे, आणि बसलेलं माणूस आत्ताच उठून गेलं असावं असं वाटत राही. त्या रिकाम्या चित्रांना घड्या घालताना धाकटीला कधी कधी हुंदका यायचा. मग ती दार लावून घ्यायची आणि मामांना सांगायची, खळीच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं.

एका रविवारी जेवताना ताई म्हणाली, "मामा, तिला म्हणावं, शनिवारी सकाळी मी निघतेय. लेकीकडे. कायमची."

मामांचा घास हातातच राहिला. तो ताटात परत ठेवून ते वळले.

"धाकटे, ताई..."

"ऐकलं मी," धाकटी म्हणाली. मामांनी पोचवायच्या आत निरोप ऐकला असं तिने पहिल्यांदाच कबूल केलं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. वरून पेट्या सरकवल्याचे आवाज येत होते. धाकटीने मनात शंभरदा वाक्य जुळवलं. ताई, ऐक ना. ताई, एक सांगायचं होतं. ताई, तेव्हा काय झालं माहितेय. प्रत्येक वेळी ती जिन्यापर्यंत जायची आणि पहिल्या पायरीवरचा धुरळा फडक्याने पुसून परत यायची. पहिली पायरी लख्ख झाली होती. वरच्या तेरा तशाच होत्या.

बुधवारी दुपारी तबक खाली आलं. दोरीला हिसका बसला नाही, ना दोन ना तीन. तबक नुसतं टेबलावर येऊन टेकलं आणि दोरी सैल पडली.

"हा कोणाचा?" धाकटीने मामांना विचारलं.

"काल विचारलं मी तिला. म्हणाली, कोणाचाच नाही."

धाकटीने कागदावरचं पातळ फडकं उचललं आणि स्टूल ओढून घेतलं. कागदावर माणसं होती.

गच्चीचा कठडा होता, आणि त्याच्यामागे दुपारनंतरचं मऊ, पिवळसर आकाश, कुठेही न संपणारं. कठड्यावर दोन मुली बसलेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये उघडा पंखा. मोठी पुढे कुठे तरी पाहत होती. धाकटी, तिचा पुढचा एक दात पडलेला, ओठ उघडून काही तरी मोजत होती. मोजतच होती, कारण त्यांच्या घरी पंखा एकच होता आणि उकाड्यात वारा घालायच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. शंभर वेळा हिने घालायचा, शंभर वेळा तिने. ताईने हे ध्यानात ठेवलं होतं. पडलेला दातसुद्धा बरोबर त्याच बाजूचा होता.

धाकटीने नेहमीच्या सवयीने सोळाचा साचा ओढला, कागदाखाली सरकवला आणि वाकून पाहिलं. मोठीचं नाक घडीवर आलं होतं. लहानीचं तोंड घडीवर आलं होतं.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला आनंदच झाला. अंगावर मूठभर मांस चढलं. बघा! अकरा वर्षांनी चेहरा काढला आणि काढला तोही घडीवर. म्हणजे ताईच्या हातून असं होतं तर. म्हणजे तेव्हाही झालं असेल. तेव्हा समजा साचा सोळाचा असता तरी झालंच असतं, कोणी सांगावं! हातच्या कांकणाला आरसा कशाला, घडी घालायची आणि पंखा मामांच्या हातात द्यायचा, वर नेऊन दाखवा म्हणायचं. तिने फडकं पाण्यात बुडवून पिळलंसुद्धा.

मग तिचं लक्ष कडेकडे गेलं. सोनेरी किनार नव्हती. ताईने या वेळी कड उघडीच ठेवली होती, आणि सुईचे टोचे स्वच्छ दिसत होते. धाकटीने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. काडीच्या घराला दोन टोचे, या हिशेबाने एक घर, दोन घरं, तीन घरं. पंधरा, सोळा. बोट अजून कडेला पोचलं नव्हतं. कडेशी एक घर शिल्लक होतं.

तिने पुन्हा उजवीकडून मोजलं. सतराच.

हातातल्या फडक्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं तरी तिला कळलं नाही. सतराचा साचा तर ताईकडे नव्हता, म्हणजे ताईने हे टोचे परकाराने एकेक मापून घातले होते. सोळावर घातला तर चित्र मोडणार होतं. सतरावर घातला तर दोन्ही मुलींचे चेहरे अगदी सपाट, अखंड राहणार होते. आणि सतराचा साचा कुठे आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ताईने वरून पंखा पाठवला नव्हता, प्रश्न पाठवला होता, आणि दोरीला हिसका न देता पाठवला होता. घे असंही नाही, हात लावू नकोस असंही नाही.

बाहेर कोणाच्या तरी गाडीचं दार लागलं. मामांची कानस लाकडावर एका लयीत चालली होती, खर्र, खर्र. दमट कागदाचा, खळीचा आणि लाकडाच्या भुशाचा वास खोलीत दाटला होता. धाकटीने टेबलावर डोकं टेकलं. तिचा गाल कागदाच्या इतका जवळ होता की गच्चीचा कठडा डोळ्यांसमोर मोठा मोठा होत गेला, आणि मग ती त्यावर बसलेलीच होती. ऊन कोमट होतं. पाय खाली पोचत नव्हते. हातात पंखा होता आणि ती ताईला वारा घालत होती.

"अठ्ठावन्न," ती मोजत होती. "एकोणसाठ. सत्तर."

ताई आकाशाकडे पाहत होती. मधले दहा गेलेले तिला कळले होते, नेहमीच कळायचे. ती कधी काही बोलायची नाही. आपली पाळी आली की मुकाट्याने शंभर पुरे करायची, एकही न गाळता, कधी कधी वरती पाचदहा जास्तच. धाकटीला वाटलं, आता सांगून टाकावं. तिने तोंड उघडलं तर आकाशाला मधोमध बारीक रेघ पडली, आणि ती रेघ खाली उतरत उतरत तिच्या ओठांवर आली. कठडा हळूच दुमडला. शब्द घडीच्या आत गेला. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा घडी. पलीकडच्या पट्टीवर ताई होती, हाताच्या अंतरावर, तरी घडी मिटत होती आणि ताई दुसऱ्या बाजूला जात होती. आकाशात उजवीकडे एका पक्ष्याएवढी जागा मोकळी होती. तिथून वारा येत होता.

ती जागी झाली तेव्हा ऊन टेबलाच्या दुसऱ्या पायापर्यंत सरकलं होतं. गालावर फडक्याचा ठसा उमटला होता. कागद जसाच्या तसा होता, मुली जशाच्या तशा. लहानीचं तोंड अजून उघडंच होतं.

सोळाचा साचा हाताशी होता. घालून टाकला असता तर ताई शनिवारी गेली असती, अकरा वर्षांची बाजी धाकटीच्या नावावर राहिली असती आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ताईने इतक्या वर्षांनी काढलेले हे पहिले चेहरे होते. ते तिने हिच्या टेबलावर ठेवले होते, मोडायची मुभा देऊन. धाकटीच्याने ते मोडवेना.

ती उठली, आपल्या खोलीत गेली, आणि पलंगावरची गादी तिने उलटी केली. कापडात गुंडाळलेला सतराचा साचा तिथे होता. अकरा वर्षं ती त्याच्यावर झोपत होती आणि पाठ दुखते म्हणून मामांकडून तेल आणवत होती.

तो काखेत मारून ती परत आली तेव्हा मामांनी कानस थांबवली.

"सापडला वाटतं," ते म्हणाले.

"हो मामा. गादीखाली होता."

"उंदीर फार हुशार असतात," मामा म्हणाले आणि पुन्हा तासायला लागले.

तिने गाठ सोडली. दोन पुठ्ठ्यांच्या मधून एक निळी पट्टी टेबलावर पडली. ती तिने टाकून दिली नव्हती. टाकायला म्हणून दोनदा चुलीपर्यंत गेली होती, पण ताईच्या हातचा पक्षी जाळणं तिला जमलं नव्हतं. रंग अजून ताजा होता, अंधारात राहिल्यामुळे असेल.

मग ती कामाला लागली. कागदाला पाठीकडून दमट फडकं लावलं, साच्यात ठेवला, कडेचे टोचे साच्याच्या चुण्यांशी एकेक करून जुळवले. दोन्ही हातांचे पंजे पसरून तिने साचा डावीकडून उजवीकडे मिटायला घेतला, श्वास रोखून, एकेक चुणी. आत कठडा दुमडला, आकाश दुमडलं, पंखा दुमडला. मिटलेला गठ्ठा तिने क्षणभर दाबून धरला आणि परत उघडला. घड्या पडल्या होत्या. एक रेघ मोठीच्या वेणीच्या कडेने गेली होती, एक लहानीच्या कानामागून. दोन्ही चेहरे आपापल्या पट्टीत निवांत बसले होते. इतकं नीट बसलेलं चित्र धाकटीने जन्मात मोडलं नव्हतं.

तिने तबकाकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. मग कागद एका हातात आणि निळी पट्टी दुसऱ्या हातात घेऊन ती जिना चढली.

वरची खोली तिला मोठी वाटली. भिंतींवरचं सगळं उतरवलं होतं. दोन पेट्या बांधून तयार होत्या. ताई मोठ्या खिडकीशी पाठमोरी बसून कुंचले धूत होती. तिचे केस इतके पांढरे झालेत हे धाकटीला जेवायच्या टेबलावर रोज दिसत होतं, पण दिसलं ते आत्ता.

"ताई," ती म्हणाली.

कुंचला पाण्यात थांबला.

"साचा मी चुकवला होता. सतराचा ओढला, न बघता. तुझे चेहरे बरोबर होते. मला सकाळीच कळलं होतं, पंखा जायच्या आधीच. मी टोक कापून टाकलं आणि वर तुलाच बोलले." एवढं बोलून तिला धाप लागली. "मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला, पण म्हणतेय."

ताईने कुंचला काढून फडक्याला पुसला. "माहीत होतं मला," ती म्हणाली. "पक्षी दिसला नाही तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"म्हटलं, तू येऊन सांगशील. दोन दिवस वाट पाहिली. मग आठ दिवस. मग वाट बघायची सवयच लागली." ती वळली. "आणि राग होता. खूप होता, खोटं नाही बोलणार. चेहरा काढायला बसले की हात नाकापाशी येऊन थांबायचा. चूक माझी नाही हे माहीत असून थांबायचा. ते तुझ्यामुळे झालं."

"हो," धाकटी म्हणाली. तिचं नाक वाहायला लागलं होतं आणि दोन्ही हात अडकलेले होते.

खालून मामांचा आवाज आला. "काय म्हणतेय ती? कोणाला काय सांगायचंय?"

"काही नाही मामा," दोघी एकदमच म्हणाल्या.

ताईने पुढे होऊन तिच्या हातातला कागद घेतला, खिडकीकडे धरला, मिटला, उघडला. लहानीच्या गालावरून बोट फिरवलं. मग तिने निळी पट्टी घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

"ठेवलीस?"

"जाळायला जमलं नाही."

"शेपटी केवढी जाड काढली होती मी," ताई म्हणाली. मग डोळे पुसले.

"शनिवारी जायलाच हवंय का?"

"लेकीला शब्द दिलाय. जायला हवंच. पण पंखा घेऊन जाईन. तिकडे फार उकडतं म्हणे."

धाकटीने मनातल्या मनात दिवस मोजले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. खळ सुकायला दोन दिवस. आत्ता बसलं तर होण्यासारखं होतं. "पण काड्या सोळाच आहेत खाली," ती म्हणाली. "सतरावी मामांना तासायला सांगायला हवी. त्यांना एक काडी म्हणजे अख्खा दिवस."

 ताईने कुंचल्यांच्या बरणीत हात घातला आणि कुंचल्यांच्या मधून एक बारीक, सपाट काडी उपसून काढली. लग्नाच्या पंख्याला होत्या तशीच, त्याच लाकडाची, त्याच जाडीची.

"त्याच आठवड्यात मामांकडून करून घेतली होती," ती म्हणाली. "म्हटलं, तू येऊन सांगितलंस की सतराचा पंखा करायला लागेल. नंतर हिनेच रंग ढवळत बसले."

काडीच्या टोकावर अकरा वर्षांचे रंग एकावर एक चढले होते, तळ्यांचे, ढगांचे, वेलींचे. धाकटीने ती हातात घेतली आणि अंगठ्याने टोक चोळून पाहिलं. रंग निघेना.

"हे टोक रंगलंय ताई."

"असू दे," ताई म्हणाली. "तेवढं कागदाच्या आतच जातं. चल, खाली जाऊ."